फाईलमधली जुनी ओळ: आयव्हीएफ, पोटात पाणी आणि मानेतली गुठळी

ओळख पटू नये म्हणून रुग्णाचं नाव आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. तिने आणि तिच्या नवऱ्याने हे टिपण छापण्याआधी वाचलं. एका ठिकाणी तिने मला दुरुस्तही केलं, ते पुढे येईलच.

पार्श्वभूमी

नौपाड्यात माझं स्त्रीरोगाचं क्लिनिक आहे. वृषाली पहिल्यांदा माझ्याकडे आली ती २०२० मध्ये, अठ्ठावीस वर्षांची, पहिल्यांदाच दिवस राहिलेली. नोकरी वागळे इस्टेटजवळच्या एका बँकेत, नवरा ऐरोलीला आयटीत, घर घोडबंदर रोडला वाघबीळच्या बाजूला, सासू-सासरे सोबत. आठव्या आठवड्यात बाळाचे ठोके छान दिसले. नेहमीच्या तपासण्या लिहून दिल्या.

रिपोर्टमध्ये व्हीडीआरएल 'वीकली रिअ‍ॅक्टिव्ह, १:२' आलं. ही सिफिलिसची चाळणी. मी दोघांना एकत्र बसवून सांगितलं. नवरा एकदम गप्प झाला. ती पर्सची चेन उघडत आणि लावत राहिली, खाली बघून. एका कागदाने घरात काय होऊ शकतं हे आम्हा डॉक्टरांना ठाऊक असतं, म्हणून मी घाईने पक्की तपासणी, म्हणजे टीपीएचए, करून घेतली. दोन दिवसांत ती निगेटिव्ह आली. "खोटा पॉझिटिव्ह होता गं, विसरून जा," मी म्हणाले. तिघांनीही सुटकेचा श्वास सोडला, त्यात मीही होते. फाईलवर 'बायोलॉजिकल फॉल्स पॉझिटिव्ह' लिहिलं आणि पान उलटलं.

अकराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत ठोके थांबलेले होते. गर्भ मापाने अकरा आठवड्यांचा, दिसायला व्यवस्थित. पिशवी साफ करावी लागली. "पहिल्या खेपेला होतं असं," हे वाक्य मी तिलाही ऐकवलं. २०२१ मध्ये पुन्हा दिवस राहिले आणि सहाव्या आठवड्यातच रक्तस्राव होऊन गेलं. त्या वेळी प्लेटलेट्स १,१८,००० होत्या. पावसाळा होता, ठाण्यात त्या दिवसांत प्लेटलेट्स कमी दिसल्या की आधी डेंग्यू आठवतो. डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह आली आणि प्लेटलेट्सचा विषय तिथेच संपला.

त्यानंतर दिवस राहीनात. पाळी अनियमित, सोनोग्राफीत पीसीओएस (अंडाशयात अनेक छोटी, अर्धवट वाढलेली अंडी). तीन वेळा आययूआय (वीर्य थेट गर्भाशयात सोडणं) झालं, जमलं नाही. २०२३ मध्ये मी तिला आयव्हीएफसाठी एका केंद्राकडे पाठवलं. माझ्या चिठ्ठीत होतं: 'दोन गर्भपात, पीसीओएस, कृपया पुढील उपचार.' व्हीडीआरएलचा उल्लेख नव्हता, प्लेटलेट्सचा नव्हता आणि पहिला गर्भ अकरा आठवड्यांपर्यंत वाढला होता हेही नव्हतं.

सप्टेंबर २०२३: उपचार आणि गुंतागुंत

पीसीओएस असलेल्या तरुण मुलीची अंडाशयं इंजेक्शनांना जोरात प्रतिसाद देतात. वृषालीच्या दोन्ही बाजू मिळून चोवीस फॉलिकल्स (अंड्यांच्या पिशव्या) वाढले, इस्ट्रोजेनही फार वर गेलं. अशा वेळी अंडाशयं फुगून पोटात पाणी होण्याचा धोका असतो. केंद्राला तो माहीत होता. म्हणूनच त्यांनी पद्धत अँटॅगोनिस्टची निवडली होती आणि सगळे गर्भ गोठवायचे, ताजा गर्भ सोडायचा नाही, हेही आधीच ठरवलं होतं. दोन्ही निर्णय योग्य होते.

प्रश्न ट्रिगरचा. अंडी पिकवणारं शेवटचं इंजेक्शन दोन प्रकारचं असतं. अ‍ॅगोनिस्टचा परिणाम शरीरातून लवकर ओसरतो. एचसीजी मात्र आठवडाभर रेंगाळतं आणि अंडाशयांना चेतवत राहतं. पोटात पाणी होण्याचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं. केंद्राने अ‍ॅगोनिस्ट दिलं, पण अंडी कच्ची निघू नयेत म्हणून सोबत एचसीजीचा १,५०० युनिटचा छोटा डोसही दिला. याला ड्युअल ट्रिगर म्हणतात आणि तो बरेच जण देतात. चोवीस फॉलिकल्सवर तो द्यावा का, यावर दोन डॉक्टरांची दोन मतं निघतील. मी दिला नसता.

एकवीस अंडी निघाली, सहा चांगले गर्भ पाचव्या दिवशी गोठवले गेले. पण चौथ्याच दिवशी पोट ताठ, श्वास अपुरा, लघवी कमी. वजन ६१ किलोवरून ६६ झालं. केंद्राने दाखल करून घेतलं. हिमॅटोक्रिट (रक्त किती दाट आहे याचं माप) ४८, पांढऱ्या पेशी १९,००० च्या वर. सोनोग्राफीखाली सुई घालून जवळजवळ अडीच लिटर पाणी काढलं. सलाइन, अल्ब्युमिन आणि गुठळी होऊ नये म्हणून रोज हेपरिनचं एक इंजेक्शन असे उपचार झाले. पाच दिवसांत ती सावरली. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी घरी गेली. हेपरिन त्याच दिवशी बंद झालं.

या आजारात शरीरात काय चालतं ते इथे सांगायला हवं. फुगलेल्या अंडाशयातून व्हीईजीएफ नावाचं रसायन सुटतं. त्याने केशवाहिन्यांच्या भिंती पाझरू लागतात, रक्तातलं पाणी पोटात उतरतं आणि मागे उरलेलं रक्त दाट होतं. पण एवढ्यावर थांबत नाही. पोटातल्या त्या पाण्यात इंटरल्युकिन-६ सारखी दाहाची रसायनं भरपूर असतात, पांढऱ्या पेशी चढतात, म्हणजे संसर्ग नसतानाही रोगप्रतिकारशक्ती जागी झालेली असते. दाह आणि रक्त गोठणं हे शरीरात हातात हात घालून चालतात. त्यामुळे पोट बसलं म्हणून धोका टळला असं धरून चालत नाही. या आजारातल्या गुठळ्या पायापेक्षा मान आणि हाताच्या शिरांमध्ये जास्त आढळतात, कधी कधी पोट पूर्ववत झाल्यानंतरही. हे डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. तिथे होतं, 'पोट दुखल्यास, धाप लागल्यास संपर्क करा.' मानेचा शब्दही नव्हता.

गौरी विसर्जनाचा दिवस

त्या शनिवारी सकाळी तिचा फोन आला. "मॅडम, मान आखडलीय दोन दिवस. हॉस्पिटलची उशी उंच होती, त्याने असेल. सोमवारी दाखवलं तर चालेल का? आज गौरी जायच्यात." मी हो म्हणणारच होते. मग तिने सहज जोडलं, "डाव्या हातातला चुडाही निघेना, हात जड वाटतोय."

मी म्हटलं, अगं, गौरी राहू दे, आत्ता ये.

विसर्जनाच्या दिवशी वाघबीळहून नौपाड्यात यायला तिला दीड तास लागला. तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले. उजव्या हातातल्या हिरव्या बांगड्या मनगटावर सैल घरंगळत होत्या. डाव्या हातात त्याच मापाच्या बांगड्या कातडीत रुतल्या होत्या. गळपट्टीच्या हाडावरचा खळगा डाव्या बाजूला भरून आला होता. डॉपलर सोनोग्राफीत डाव्या बाजूची मानेतली मोठी शीर गुठळीने बंद दिसली, गुठळी खांद्याकडच्या शिरेतही उतरली होती. तासाभरात तिला मोठ्या रुग्णालयात दाखल केलं.

पहिला प्रश्न: रक्त पातळ आहे की दाट?

हेपरिन सुरू करण्याआधी घेतलेल्या रक्तात एपीटीटी (नळीत रक्त गोठायला लागणारा वेळ) ५१ सेकंद आला, प्रयोगशाळेचं सामान्य मूल्य ३० च्या आसपास. प्लेटलेट्स १,१२,०००. रात्रपाळीचे तरुण डॉक्टर थबकले, आणि त्यांचं थबकणं रास्त होतं: रक्त गोठायला आधीच वेळ लागतोय, त्यात पातळ करायचं औषध कसं द्यायचं?

रक्तविकारतज्ज्ञांनी एकच गोष्ट करायला सांगितली. तिचा प्लाझ्मा आणि निरोगी माणसाचा प्लाझ्मा निम्मा-निम्मा मिसळून पुन्हा मोजा. गोठवणारा घटक कमी असेल तर निरोगी प्लाझ्मा तो भरून काढतो आणि वेळ सुधारते. इथे वेळ सुधारली नाही. याचा अर्थ तिच्या रक्तात काहीतरी होतं जे तपासणीलाच अडवत होतं. काचेच्या नळीत रक्त गोठायला फॉस्फोलिपिड लागतं. तिच्या शरीरात त्याच्याशी चिकटणारी अँटिबॉडी होती, म्हणून नळीत रक्त उशिरा गोठत होतं. शरीराच्या आत मात्र ह्याच अँटिबॉडी रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर, प्लेटलेट्सवर आणि वारेच्या पेशींवर बसून गुठळी होण्याला चालना देतात. तपासणी म्हणते रक्त पातळ, शिरेत चाललेलं असतं नेमकं उलटं. हेपरिन त्याच रात्री पूर्ण मात्रेत सुरू झालं.

दोन दिवसांनी रिपोर्ट आले: अँटिकार्डिओलिपिन आणि अँटि-बीटा-२-ग्लायकोप्रोटीन, दोन्ही आयजीजी प्रकारातले, बरेच वर. हा अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. लंडनच्या ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३ मध्ये त्याचं वर्णन केलं.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी तिची जुनी फाईल काढली. व्हीडीआरएलच्या तपासणीत जे रसायन वापरतात त्यातला मुख्य घटक कार्डिओलिपिनच असतो, हे मी एमबीबीएसला शिकले होते. सिफिलिस नसताना व्हीडीआरएल पॉझिटिव्ह येण्याचं एक कारण हेच. खोटा पॉझिटिव्ह का आला, हे मी स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं.

माझ्या बाजूने एवढंच सांगता येईल की नुसत्या गरोदरपणातही व्हीडीआरएल खोटं पॉझिटिव्ह येतं, आणि २०२० मध्ये त्या एका कागदावरून निदान झालं नसतं. पण ११ आठवड्यांचा, रचनेने व्यवस्थित गर्भ गेल्यावर ते व्हायला हवं होतं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सिडनी निकषांमध्ये १० आठवड्यांनंतर असा एकही गर्भ विनाकारण गेला तर ती पुरेशी खूण मानली होती, अँटिबॉडींची तपासणी करावी एवढी तरी नक्कीच. त्यात कमी प्लेटलेट्स. तीन कागद, तीन वेगवेगळ्या पानांवर, आणि मी ते कधी एका टेबलावर मांडले नाहीत.

दुसरा प्रश्न: पुढचं पाऊल कधी आणि कोणतं?

सहा गर्भ गोठवलेले होते. घरच्यांची, विशेषतः सासूबाईंची, घाई मला समजत होती. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "इतकं सोसून अंडी काढली, आता ठेवून द्यायची का?" कायद्याने गर्भ दहा वर्षांपर्यंत गोठवून ठेवता येतात, गोठलेल्या गर्भाचं वय वाढत नाही, हे मी त्यांना दोनदा समजावलं. खरी भीती वेगळी होती: सुनेचं वय आणि आपलं वय.

पर्याय चार होते. पहिला, लगेच ट्रान्सफर, म्हणजे गोठवलेला गर्भ गर्भाशयात सोडणं. त्याच महिन्यात दुसऱ्या एका केंद्राने त्यांना 'इम्युन पॅकेज' सुचवलं होतं: रक्तातल्या एनके पेशींची तपासणी, इंट्रालिपिडची सलाइन, स्टेरॉइड, आणि नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी बायकोला टोचण्याची उपचारपद्धती. नवरा सगळं छापून घेऊन आला. त्याचा प्रश्न चोख होता: "मॅडम, प्रॉब्लेम इम्युनिटीचाच आहे ना? मग इम्युनिटी दाबायची औषधं का नकोत?"

या प्रश्नाला मी त्या दिवशी पाऊण तास दिला आणि पुन्हा देईन. बाळात अर्धा वाटा बापाचा, म्हणजे आईच्या शरीराला परका. तरी आई ते फेकून का देत नाही, हा प्रश्न पीटर मेडावार यांनी १९५३ मध्ये मांडला. तेव्हापासून 'आईची प्रतिकारशक्ती बाळावर हल्ला करते' ही कल्पना सोपी म्हणून रुजली. पण गर्भाशयाच्या अस्तरातल्या एनके पेशी, नाव जरी 'मारक पेशी' असं असलं, तरी वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या रुंद करायला मदत करतात. रक्तातल्या एनके पेशी मोजून गर्भाशयातल्या पेशींचं काही कळत नाही. इंट्रालिपिड म्हणजे सोयाबीन तेलाचं पोषणाचं सलाइन. २०२३ मध्येच युरोपातल्या एश्रे या संस्थेने अशा जादा उपचारांचा आढावा घेतला आणि यांची शिफारस केली नाही. नवऱ्याच्या पेशी टोचणं अमेरिकेच्या एफडीएने २००२ मध्येच संशोधनाबाहेर थांबवायला सांगितलं होतं.

वृषालीचा आजार 'इम्युनिटी'चा असला तरी धूसर नव्हता. ठरावीक अँटिबॉडी, त्यांचं मोजलेलं प्रमाण, त्यांनी केलेली गुठळी. वारेत त्या गुठळ्या करतात, कॉम्प्लिमेंट नावाची दाहाची साखळी चेतवतात आणि वार नीट रुजू देत नाहीत. त्यावर हेपरिन आणि कमी मात्रेतलं अ‍ॅस्पिरिन हा उपचार अनेक वर्षांच्या अनुभवाचा आहे. सगळी प्रतिकारशक्ती दाबून तो आजार हटत नाही.

दुसरा पर्याय, थांबणं. एकदा पॉझिटिव्ह आलेल्या अँटिबॉडी बारा आठवड्यांनी पुन्हा पॉझिटिव्ह आल्या तरच निदान पक्कं होतं, कारण एखाद्या संसर्गानंतर त्या तात्पुरत्याही दिसतात. शिवाय रक्तविकारतज्ज्ञांचं मत होतं की गुठळीनंतर निदान सहा महिने गरोदरपण नको.

तिसरा, सरोगसी. गरोदरपणातच पुन्हा गुठळी होण्याची भीती असल्याने याचा विचार आम्ही गंभीरपणे केला. २०२१ च्या कायद्याने सरोगसी फक्त निःस्वार्थ असावी लागते, आणि सरोगेट विवाहित किंवा पूर्वी विवाहित, स्वतःचं मूल असलेली, २५ ते ३५ वयाची हवी. नणंद आपणहून तयार झाली होती. तिचं वय ३७. तो मार्ग तिथेच मिटला. चौथा, दत्तक. नवरा-बायको त्याला तयार होते, पण आधी एक प्रयत्न करायचा होता.

वृषालीने निर्णय घेतला, थांबायचं. इथेच तिने माझा मसुदा दुरुस्त केला. मी लिहिलं होतं, 'आम्ही थांबायचं ठरवलं.' ती म्हणाली, "आम्ही नाही मॅडम, मी ठरवलं. घरात सगळे उलट बोलत होते."

केलेली कृती

बारा आठवडे हेपरिनची इंजेक्शनं, दिवसातून दोनदा, पोटावर. निळे-हिरवे डाग पडायचे. बँकेच्या डब्याच्या पिशवीत एक सिरिंज असायचीच. डिसेंबरअखेर तपासण्या पुन्हा केल्या. औषधाने निकाल फसवा येऊ नये म्हणून रक्त डोसनंतर बारा तासांहून जास्त वेळ गेल्यावर घेतलं. या वेळी ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट ही तिसरी तपासणीही पॉझिटिव्ह. तिन्ही तपासण्या पॉझिटिव्ह, म्हणजे जास्त धोक्याचा गट. अशा रुग्णांत रिव्हरॉक्साबॅनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या जुन्या वॉरफरिनपेक्षा कमी पडतात, हे २०१८ च्या अभ्यासातून दिसलं होतं. म्हणून वॉरफरिन, आणि आयएनआर (रक्त किती पातळ झालं याचं माप) दोन ते तीनच्या मध्ये. वॉरफरिन गर्भाला घातक, त्यामुळे दिवस राहणार नाहीत याची काळजी, तीही इस्ट्रोजेनच्या गोळ्यांशिवाय.

एप्रिल २०२४ मध्ये वॉरफरिन थांबवून पुन्हा हेपरिन, सोबत अ‍ॅस्पिरिन ७५ आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन (मुळात मलेरियाचं औषध). ट्रान्सफरसाठी अस्तर इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी तयार करायची पद्धत आम्ही टाळली, तिला इस्ट्रोजेनचा जादा भार नको होता. पाळी अनियमित असल्याने नैसर्गिक चक्राचा भरवसा नव्हता. लेट्रोझोल या अंडं वाढवणाऱ्या गोळीने हलकंसं एक अंडं तयार होऊ दिलं. त्यात इस्ट्रोजेन कमीच राहतं. एकच गर्भ सोडला, जुळ्यांची जोखीम नको म्हणून.

तो रुजला नाही.

तिच्या घरात पुन्हा त्या पॅकेजचा कागद टेबलावर आला. या वेळी मीही डगमगले, हे कबूल करते. एक गर्भ न रुजणं सगळीकडेच घडतं, त्यावरून उपचार चुकला म्हणता येत नाही. हे मला माहीत होतं, आणि तरी समोर बसून रडणाऱ्या मुलीला काहीतरी जादा द्यावंसं वाटतं. रक्तविकारतज्ज्ञांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, "योजना बदलायला नवीन काय सापडलंय?" काहीच सापडलं नव्हतं. जुलैमध्ये तीच योजना, दुसरा गर्भ.

परिणाम

दिवस राहिले. अकरावा आठवडा आला तेव्हा सोनोग्राफीला ती डोळे मिटून पडली होती. ठोके ऐकू आल्यावरही तिने डोळे उघडले नाहीत, नुसता माझा हात धरला.

बाकी गरोदरपण काळजीचं पण सरळ गेलं. चौतिसाव्या आठवड्यात रक्तदाब १४०/९० वर गेला, बाळाची वाढ थोडी मंदावली, गोळ्या सुरू केल्या आणि दर चार दिवसांनी डॉपलर केला. मार्च २०२५ च्या सुरुवातीला, छत्तीस आठवडे पूर्ण झाल्यावर, सिझेरियन. कण्यात भूल द्यायची म्हणून हेपरिन चोवीस तास आधी बंद केलं होतं. मुलगी, वजन २,१८० ग्रॅम, काचेच्या पेटीची गरज पडली नाही. नवी गुठळी झाली नाही. आता वॉरफरिन कायमचं. ते घेत असताना अंगावर पाजता येतं, हे सांगितल्यावर सासूबाईंचा चेहरा खुलला.

काय वेगळं करता आलं असतं

आयव्हीएफला येणाऱ्या प्रत्येकीची अँटिफॉस्फोलिपिड तपासणी करावी असं मी म्हणणार नाही. तशी शिफारस नाही. किंचित पॉझिटिव्ह आलेल्या रिपोर्टांनी कित्येक जणी विनाकारण घाबरतील आणि इंजेक्शनं घेतील. पण वृषाली 'प्रत्येकी'त मोडत नव्हती. २०२० च्या गर्भपातानंतर सहा आठवड्यांनी तिची तपासणी व्हायला हवी होती आणि ती लिहून देणं माझं काम होतं. निदान आधी असतं तर केंद्राने एचसीजीचा थेंबही दिला नसता, हेपरिन इंजेक्शनांच्या काळापासूनच सुरू झालं असतं आणि डिस्चार्जनंतरही चालू राहिलं असतं.

निदान माहीत नसतानाही दोन गोष्टी शक्य होत्या. दाखल होण्याइतकं पाणी झालेल्या रुग्णाचं हेपरिन डिस्चार्जच्या दिवशी तोडायचं नाही, काही आठवडे पुढे न्यायचं. आणि घरी जाताना तोंडी आणि लेखी सांगायचं: मान दुखली, हात सुजला, तर त्याच दिवशी या, सण असो वा नसो. त्या केंद्राने आता हे वाक्य आपल्या कागदावर घातलं आहे, त्यांच्या डॉक्टरांनी मला स्वतः फोन करून सांगितलं.

माझ्या नोंदणीच्या कागदावर व्हीडीआरएलच्या रकान्याखाली आता एक जादा ओळ आहे: 'खोटा पॉझिटिव्ह असल्यास कारण?' आणि पुढे मोकळी जागा. रेफरल चिठ्ठीतही गर्भपातांची नुसती संख्या लिहीत नाही, प्रत्येक गर्भपात किती आठवड्यांना झाला आणि गर्भ कसा दिसला हे लिहिते.

चार गर्भ अजून गोठवलेले आहेत. दुसऱ्या मुलाचा विषय वृषालीने मागच्या भेटीत काढला. मी तिला रक्तविकारतज्ज्ञांची वेळ घेऊन दिली आहे.